रंगमंचावरची तालीम आणि दुकानातली गादी

हिंगोलीच्या कापड बाजारातील एक परिचित दुकानदार परवा भेटले, तेव्हा फार नाराज होते. त्यांचा मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या युवक महोत्सवासाठी कॉलेजच्या एकांकिकेत त्याची निवड झाली आणि संध्याकाळी तो दुकानावर यायचा बंद झाला. "साहेब, आमच्या सात पिढ्यांत कुणी तोंडाला रंग लावला नाही," ते म्हणाले. "ऐन गिऱ्हाइकीच्या वेळेला हा तिकडे तालीम करतो. आता कॉलेजच बंद करून गादीवर बसवतो." आम्ही त्यांना चहा पाजला आणि एवढेच म्हटले की निर्णय घेण्याआधी आठ दिवस थांबा. त्या आठ दिवसांत त्यांना जे सांगितले तेच येथे लिहीत आहोत, कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्याच्या घरचा नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. गाणे, वाद्य आणि अभिनय यांच्या शरई बाजूविषयी बोलण्याचा अधिकार उलेमांचा आहे, आणि ज्यांना त्याबाबत शंका असेल त्यांनी त्यांनाच विचारावे. हे पान व्यापार-उद्योगाचे आहे. आमचा मुद्दा इतकाच की चार लोकांसमोर उभे राहून त्यांचे मन धरून ठेवण्याची विद्या आपल्या समाजाला परकी नाही. किरत, नात, तकरीर, मुशायरा ही सारी तीच विद्या आहे. हजरत हस्सान बिन साबित (रजि.) यांना कविता म्हणता यावी म्हणून मस्जिदे नबवीत मिंबर ठेवले जाई, हे हदीसच्या ग्रंथांत नमूद आहे. मराठी लोककलेचे शब्द पाहिले तरी शाहीर, तमाशा, तालीम, उस्ताद, मुजरा, सवाल-जवाब हे सगळे आपल्याच घरातून तिकडे गेलेले आहेत. तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत नाटकाच्या सरावालाही तालीम म्हणतात आणि पहिलवानांच्या आखाड्यालाही. व्यापाराच्या शिक्षणालाही तोच शब्द लावायला हरकत नसावी.

कारागीर आणि कलावंत एकाच घरात नांदल्याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. आपल्याच जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. घराणे शिंप्याचे आणि ओळख कीर्तनकाराची. पेशवाईच्या अखेरच्या काळातील मोठे शाहीर सगनभाऊ हे तर मुसलमान, जेजुरीला राहणारे, आणि धंद्याने शिकलगार. हत्यारांना धार लावणारा हा माणूस फडात उभा राहिला की होनाजीसारख्या शाहिराशी त्याचे नाव जोडीने घेतले जाई. आपल्या शिकलगार बांधवांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

फड हाही धंदाच

तमाशाकडे आपण नाक मुरडतो, आणि त्यातील काही भागाकडे मुरडावे असेही आहे. पण व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर तमाशाचा फड ही एक चालती-फिरती पेढी असते. पुणे जिल्ह्यातील नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास फडमालकांच्या राहुट्या पडतात. गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसे तेथे येतात, फडाचे नाव, कलावंत आणि तारीख पाहून भाव ठरवतात आणि सुपारी देतात. म्हणजे माल अजून तयार झालेला नाही, फक्त शब्दावर आणि नावावर सौदा झाला. आपल्या मोंढ्यात वायद्याचा व्यवहार करणाऱ्यांना हे निराळे सांगायला नको. दुसऱ्या बाजूला फडमालकाने कलावंतांना हंगामाआधीच उचल दिलेली असते. ती देण्यासाठी त्याने स्वतः कर्ज काढलेले असते. ट्रक, तंबू, जनरेटर, शंभराच्या आसपास माणसांचे दोन वेळचे जेवण हे सारे रोज चालवायचे. पाऊस आला की गल्ला बंद, खर्च मात्र चालूच. यात्रेची तारीख हुकली तर पुढच्या वर्षी त्या गावची सुपारी गेली.

आपल्यापैकी जे व्यापारी दरवर्षी माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला माल घेऊन जातात, त्यांनी तेथे लागलेले तंबू पाहिले आहेत. दिवसभर घोडे, गाढवे आणि उंटांचा बाजार, आणि रात्री तमाशा. पुढच्या वेळी तंबूत न जाता तिकिटाच्या खिडकीजवळ थोडा वेळ उभे राहावे. कोणत्या वेळी गर्दी येते, बाहेर किती आवाज ठेवतात, तिकीटविक्री मंदावली की दारावरचा माणूस काय करतो, हे फुकटात शिकायला मिळते.

घराजवळचे उदाहरण बँड पार्ट्यांचे. मराठवाड्यातील गावांत वरातीचा बँड चालवणारी मुस्लिम कुटुंबे आहेत. लग्नतिथीची डायरी, बयाना, एकाच मुहूर्तावर आलेल्या दोन वराती, ऐन वेळी आजारी पडलेला क्लॅरिनेटवाला, गणवेश, दिव्यांची रांग, वधूपित्याकडून राहिलेल्या बाकीची वसुली, हे ज्याने दहा वर्षे सांभाळले त्याला व्यवस्थापन शिकवायला कोणी जाऊ नये. पुढे डीजे आला आणि बँडचे काम खाली आले. त्यावेळी काहींनी वाद्ये गुंडाळून ठेवली व मजुरी धरली. पण आमच्या पाहण्यातील काहींनी मंडप, लाइटिंग, खुर्च्या-भांडी भाड्याने देणे सुरू केले आणि ते आज बरे चालले आहेत. त्यांच्याकडे भांडवल अधिक होते असे नाही. कोणत्या घरी यंदा लग्न आहे, कोण वेळेवर पैसे देतो, कोणाला मोठेपणा आवडतो, ही माहिती त्यांच्याकडे होती. वाजवता वाजवता त्यांनी गिऱ्हाईक ओळखून ठेवले होते.

आश्रय तुटला तेव्हा

मराठी नाटकाचा आरंभच मुळी एका धंदेवाईक अडचणीशी जोडलेला आहे. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' हा खेळ केला. खर्च दरबाराचा, प्रेक्षक दरबारचे. १८५१ साली चिंतामणराव वारले आणि पुढे तो आश्रय राहिला नाही. मंडळी तयार, खेळ तयार, पण पैसे देणारा धनी नाही. भावे गावोगाव फिरले आणि १८५३ साली मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. एका धन्याऐवजी शेकडो लहान गिऱ्हाइके धरणे हा निर्णय त्यांनी गरजेपोटी घेतला. आपल्यातील जे कारागीर अजूनही एकाच सेठच्या ऑर्डरवर अवलंबून आहेत, मग ते शिवणकाम असो की वेल्डिंग, त्यांनी भाव्यांची ही दोन वर्षे नीट विचारात घ्यावीत.

आता उलट बाजू. ती सांगितली नाही तर वर उल्लेखिलेल्या दुकानदाराशी आम्ही अप्रामाणिक ठरू.

बालगंधर्वांनी १९१३ साली गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्या भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यांच्याइतकी लोकप्रियता दुसऱ्या कोणा नटाला क्वचितच मिळाली असेल. थिएटर भरलेले असे. पण स्टेजवर भरजरी वस्त्रे अस्सल पाहिजेत, अत्तर उंची पाहिजे, पंगतीला कमी पडता कामा नये, असा त्यांचा खाक्या होता. (अत्तारांचे त्या काळी भले झाले असेल, हे मान्य.) भागीदार एकेक करून बाहेर पडले आणि कंपनी कर्जात रुतली. गल्ल्यात पैसा येत होता, तरी कर्ज वाढत होते. आवक म्हणजे नफा असे समजणाऱ्या प्रत्येक दुकानदाराची हीच कथा आहे, फक्त ती इतकी सुरेल नसते. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर यांनाही राष्ट्रपतींकडून सन्मान मिळाला, आणि तरी अखेरचे दिवस पैशाच्या विवंचनेत गेले.

म्हणून रंगमंच व्यापार शिकवतो असे सरसकट म्हणणे चुकीचे होईल. आमच्या मते तो व्यापाराचा अर्धा भाग फार चांगला शिकवतो. लोकांसमोर उभे राहणे, दिलेली वेळ पाळणे, दहा स्वभावांची माणसे एका कामाला लावणे हा तो अर्धा भाग. दुसरा अर्धा भाग म्हणजे रोजमेळ आणि खतावणी. तो स्टेजवर शिकता येत नाही. तो ज्या मंडळींनी बाहेरून जोडून घेतला, ती टिकली.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच समाजातील आहे आणि ते आपण विसरलो आहोत. कोल्हापूरजवळच्या कागलला १८९७ साली जन्मलेले शेख फत्तेलाल हे मिस्त्री घराण्यातले. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंच्या हाताखाली ते तयार झाले. पेंटर बंधू नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत. नाटकाचा पडदा म्हणजे नुसते चित्र नव्हे. शेवटच्या रांगेतील माणसाला महाल हा महालच वाटला पाहिजे आणि अंक संपला की तो क्षणात गुंडाळताही आला पाहिजे. त्या शाळेत फत्तेलाल घडले. पुढे बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत काम केले आणि १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली, तेव्हा ते तिच्या पाच भागीदारांपैकी एक होते. शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर हे चौघे काम जाणणारे. शांतारामही लहानपणी काही काळ गंधर्व मंडळीत होते. पाचवे भागीदार सीताराम कुलकर्णी, भांडवल पुरवणारे. चार हात कलेचे आणि एक हात तिजोरीवर, अशी ही रचना होती. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली. दामले-फत्तेलाल जोडीने दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' १९३६ साली आला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. एका मुसलमान मिस्त्रीने वारकरी संताचे देहू उभे केले आणि महाराष्ट्राने ते आपले मानले. आज त्याच प्रभातच्या जागेवर सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे.

गादीवर काय उपयोगी पडते

आमच्या दुकानदार मित्राने येथे अडवले. "मोठ्या लोकांचे राहू द्या. माझ्या दुकानात याचा काय उपयोग?" प्रश्न रास्त आहे.

पहिला उपयोग गप्प बसण्याचा. हे ऐकून ते हसले, पण आम्ही गंभीरपणे सांगतो. नवा दुकानदार भाव सांगतो आणि गिऱ्हाईक क्षणभर काही बोलले नाही की घाबरून स्वतःच दहा रुपये कमी करतो. ती शांतता त्याला सहन होत नाही. नटाला तालमीत पहिल्या महिन्यातच शिकवतात की वाक्य झाल्यावर थांबायचे, प्रेक्षकाला ते पोचू द्यायचे. भाव सांगून शांत बसता येणे ही विद्या पैशाची आहे. तागे विकणाऱ्याने दिवसातून वीसदा पाच-दहा रुपये वाचवले तर वर्षाचा हिशोब वाचकांनीच करावा.

दुसरे म्हणजे समोरच्याला ओळखणे. तमाशाच्या वगात सगळे संवाद लिहिलेले नसत. सोंगाड्या समोरची माणसे पाहून जागेवर बोलत असे. शेतकरी जास्त असतील तर एक विनोद, व्यापारी पेठ असेल तर दुसरा. आपण ज्याला हाजिरजवाबी म्हणतो ती उपजत असते असा समज आहे. ती उपजत कमी आणि सरावाची जास्त असते. दुकानाची पायरी चढणारी बाई लग्नाचा बस्ता बांधायला आली आहे की नुसता भाव काढायला, हे तिने तोंड उघडण्याआधी कळणे ही त्याच जातीची गोष्ट.

आवाजाचे तर विचारूच नका. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळदीची हर्रासी ज्यांनी पाहिली आहे त्यांना माहीत आहे की ढिगाऱ्यावरून ढिगाऱ्यावर गर्दी सरकत असते, आणि बोली पुकारणाऱ्याचा शब्द शेवटच्या माणसापर्यंत स्वच्छ गेला नाही तर तंटा होतो. आपली काही तरुण मुले आता वसमत-हिंगोलीची हळद घेऊन सांगली, निजामाबाद, इरोडच्या व्यापाऱ्यांशी फोनवर बोलतात. फोनवर चेहरा दिसत नाही. तेथे फक्त आवाज असतो, आणि जो माणूस अडखळत, तोंडातल्या तोंडात बोलतो त्याच्या मालाबद्दलही शंका येते. ज्याने लहानपणी मदरशात मखारिज नीट केले, शाळेत नात म्हटली, कॉलेजात संवाद म्हटले, तो येथे दोन पावले पुढे असतो. मुलींनाही वक्तृत्व स्पर्धेत पाठवावे. घरी बसून शिवणकामाच्या ऑर्डरी घेणाऱ्या भगिनींना मजुरी ठामपणे सांगता येत नाही म्हणून किती नुकसान होते ते आम्ही पाहतो.

आणि पडणे. नाटक पडते. ज्या वाक्याला टाळी अपेक्षित होती तेथे कोणी हसतही नाही. तरी दुसऱ्या दिवशी तेच वाक्य पुन्हा म्हणावे लागते. ज्या मुलाला घरात कधी कोणी नाही म्हटले नाही, त्याने पहिल्या वर्षी दुकानात तोटा खाल्ला की तो कायमचा खचतो. तोट्याची तालीम वीस-एकविसाव्या वर्षी, पैसा न गमावता झालेली बरी.

येथे मात्र एक सावधगिरी. स्टेजवरचा नट राजा नसतो, हे प्रेक्षकाला माहीत असते. त्यात फसवणूक नाही. दुकानात गिऱ्हाइकाला ते माहीत नसते. रसूलुल्लाह (सल्ल.) बाजारातून जात असता धान्याच्या एका ढिगात त्यांनी हात घातला, तो आतून ओला निघाला, आणि भिजलेले धान्य खाली दडवणाऱ्याला त्यांनी कडक शब्दांत बजावले. हा प्रसंग प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. गोड बोलून मिश्र सूत शुद्ध सुती म्हणून खपवणे, ओलसर हळद वरच्या थरातल्या चांगल्या कांडीने झाकणे हा अभिनय नव्हे. मुलगा बोलका झाला की हा मोह वाढतो, म्हणून बापाने याच जागी लक्ष ठेवावे. तो नाटकात काम करतो यापेक्षा तो दुकानात नाटक करतो का, याची काळजी करावी.

केवळ आमचेच म्हणणे असे नाही. अमेरिकेतील हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६४ च्या सुमारास आंध्रातील काकीनाडा येथील छोट्या व्यावसायिकांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत दहा-एक दिवसांसाठी एकत्र आणले होते. तेथे हिशोब थोडाच शिकवला. कडी फेकण्याचे खेळ खेळवले, गोष्टी लिहायला लावल्या, स्वतःबद्दल चारचौघांत बोलायला लावले. पुढे पाहणी केली तेव्हा प्रशिक्षण घेतलेले लोक इतरांपेक्षा धंदा वाढवण्यात अधिक सक्रिय दिसले. आपल्याकडे १९८८ पासून महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र काम करीत आहे. त्याचे मुख्यालय पूर्वीच्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला आहे आणि त्याचे प्रशिक्षण वर्ग जिल्ह्याजिल्ह्यांत होतात. प्रकल्प अहवाल, बँक कर्ज, बाजार पाहणी तेथे शिकता येते. रंगमंचाने जो अर्धा भाग सोडला तो येथे भरून काढता येतो. ज्यांच्या मुलाला कलेत खरोखरच गती आहे, त्यांच्यासाठी नांदेडच्या विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कलांचे संकुलही आहे, पण त्यांनीसुद्धा खतावणी शिकूनच तिकडे जावे, हा आमचा हट्ट राहील.

आठ दिवसांनी दुकानदार पुन्हा भेटले. कॉलेज बंद करण्याचा विचार त्यांनी सोडला होता, पण राग पूर्ण गेला नव्हता. बराच वेळ बोलून पुढीलप्रमाणे ठरले. महोत्सव होईपर्यंत मुलाने तालमीला जावे, मात्र रात्री आठला दुकानावर येऊन दिवसाचा रोजमेळ स्वतः लिहावा. दसऱ्याला रामलीला मैदानावरील प्रदर्शनात त्यांचा चादरी आणि सतरंज्यांचा स्टॉल असतो. दरवर्षी तेथे एक जुने नोकर बसतात, माणूस प्रामाणिक, पण गिऱ्हाइकाने विचारल्याशिवाय बोलत नाहीत. यंदा त्यांच्या जोडीला मुलाने उभे राहायचे. माल किती नेला, किती विकला, किती परत आणला, हे रोज रात्री वडिलांसमोर मांडायचे. उधार एका पैशाचे नाही. स्टॉलच्या भाड्याची पावती त्यांनी मुलाच्या नावाने फाडली आहे.